एकाचीही नोकरी जाणार नाही

दिव्यांग वसाहतीच्या फाटकातच सेवकांनी यमुनाबाईंच्या गळ्यात हार घातला. महापालिका दिव्यांग विभाग गृहनिर्माण खात्यात विलीन करणार होती, आणि स्वतः सेविका असलेल्या यमुनाबाई कामगार संघटनेच्या सरचिटणीस म्हणून त्यावरच्या बैठकीत तावातावानं भांडल्या होत्या. अखेर महापालिकेचे साहेब नमले. "सोमवारपासून वसाहतीतली सेवा बंद होईल, पण एकाचीही नोकरी जाणार नाही. सगळ्यांना कार्यालयात घेऊ."

हारासकट त्या तळमजल्यावरच्या दिगंबरकडे गेल्या. मानेखाली लुळ्या पडलेल्या या माणसाला इतकी वर्षं त्याच उठवत, अंघोळ घालत, भरवत आल्या होत्या. त्यांनी त्याच्या तोंडात पेढा घातला आणि सगळं सांगितलं.

"बरं झालं, ताई. तुमची पाठही हल्ली धरते," तो मनापासून म्हणाला. पेढा संपल्यावर त्यानं विचारलं, "मग सोमवारपासून मला कोण उठवणार?"

यमुनाबाईंनी गळ्यातला हार काढला. बैठकीत हा प्रश्न साहेबांनी काढला नव्हता. त्यांनी स्वतःही नव्हता.

"विचारते मी साहेबांना," त्या कशाबशा म्हणाल्या.

"विचारायचीच बैठक होती ना ती?" दिगंबर म्हणाला, आणि जेवढी वळत होती तेवढी मान त्यानं भिंतीकडे वळवली.