ओव्याचा वास

"जुनी टर्बो गाडी आहे ताई, घरी कुणाला हात लावू देऊ नका," असं गॅरेजवाल्या नजीरभाईंनी मागेच बजावलं होतं. "आमच्याकडे कुणाला बॉनेटसुद्धा उघडता येत नाही," म्हणत मृणालने ते हसण्यावारी नेलं होतं.

आज गाडी धूर ओकत गॅरेजात आली. नजीरभाईंनी हवेचा पाइप काढला, तर आत तेलच तेल. "टर्बोचं सील गेलं, इंजिन ऑइल गळतंय," त्यांनी निकाल दिला. मृणालने बोट लावून हुंगलं. इंजिन ऑइलला ओव्याचा वास कधीपासून यायला लागला? हे तर तिच्या तान्ह्या ईशूच्या मालिशचं, ओवा घालून कढवलेलं खोबरेल.

तिने घरी सासऱ्यांना फोन लावला.

"अगं, गाडी शिट्टी मारत होती. म्हटलं, चोंदली असेल. फिल्टर काढून वाटीभर सोडलं. आता झाली ना मोकळी?"

"आप्पा, ईशू कुठंय?"

"ही काय, मांडीवर. तिचंही नाक चोंदलंय," म्हणत त्यांनी फोन ठेवला. हात रिकामे हवे होते.

नाकातलं तेल बाळाच्या फुप्फुसात उतरतं, हे मृणालला ठाऊक होतं, आप्पांना नाही. ती अजून रिक्षा शोधतेय. तुमचंही बाळ आजोबांपाशी असेल, तर वाचणं राहू द्या, आधी बघून या.