तांड्यावरच्या गोळ्या

"मूठ वळा, नंदाबाई."

नंदाबाईने वळली. बोटं अर्ध्यावर येऊन अडली. डॉक्टर सुरभीने तिचा हात आपल्या हातात घेतला आणि एकेक सांधा दाबून पाहिला. सूज परत आली होती.

मागच्या महिन्यात हीच बाई घट्ट मूठ आवळून आली होती. "आता नवऱ्याले बुक्की मारता येते, मॅडम," म्हणून तिने सगळी ओपीडी हसवली होती. आज ती हसवायच्या मूडमध्ये नव्हती. कापसाची वेचणी तोंडावर आली होती आणि या बोटांनी बोंड धरवत नव्हतं.

सुरभीने मागच्या महिन्याची नोंद पुन्हा काढून पाहिली. तिच्या एम.डी.चा सगळा अभ्यास या बायांच्या सांध्यांवर उभा होता. संधिवाताच्या नेहमीच्या औषधाला एका नव्या गोळीची जोड द्यायची आणि फरक पडतो का ते बघायचं. अर्ध्या पेशंटना खरी गोळी, अर्ध्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण बिनऔषधाची. कोणाच्या डबीत काय आहे हे पेशंटला ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. ते शेवटी उघडायचं.

हे सगळं तिने पेशंटना नीट सांगितलं होतं. तिच्या बरोबरीचे डॉक्टर संमतीचे कागद भराभर वाचायचे आणि अंगठा घेऊन मोकळे व्हायचे. सुरभी इथल्याच बोरी अरब गावची. घाटंजीकडच्या तांड्यावरून आलेल्या बायांना तिने बाकावर बसवून आपल्या वऱ्हाडीत समजावलं होतं. "एकीच्या डब्बीत औषध हाये, दुसरीच्या डब्बीत नुसतीच गोळी. कोनाले कोनती, मलेही मालूम नाही. पटत नसन त खुशाल नाही म्हना. नेहमीचं औषध काही बंद होनार नाही." बायांनी समजून माना हलवल्या होत्या. तिच्या अभ्यासाचे मार्गदर्शक असलेले सर तिकडून जाता जाता थांबले आणि म्हणाले, असं समजावून सांगावं. त्या कौतुकावर सुरभी आठवडाभर खूश होती.

"गोळी रोज घेता?" तिने विचारलं.

"रोज."

"एखाद दिवशी चुकली?"

"नाही जी."

डबी रिकामी होती. म्हणजे बाई खोटं बोलत नव्हती. मग सुरभीने शेजारी बसलेल्या जमनीला तपासलं. जमनी तांड्यावरची तिची शेजारीण, वयाने बरीच लहान. मागच्या वेळी तिला रत्तीभर फरक नव्हता. आज तिची सूज थोडी उतरलेली होती. सकाळी तपासलेल्या तांड्यावरच्या बाकी बायांचंही हेच होतं. सगळ्या अर्ध्यामुर्ध्या बऱ्या. बाकीच्या गावांतल्या पेशंटना एक तर चांगला फरक होता, नाही तर काहीच नव्हता. एकट्या या तांड्याची दुखणी ठरवून केल्यासारखी सारखी झाली होती.

"खरं सांगा," सुरभी म्हणाली. "गोळ्यांचं काय केलं?"

जमनी बंजाऱ्यांच्या गोरबोलीत नंदाबाईच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. नंदाबाई जराही लाजली नाही.

"वाटून घेतल्या," ती म्हणाली. "या खेपेच्या साऱ्या डब्ब्या नायकाच्या घरी परातीत ओतल्या. कालवल्या. आन् किसनसिंग नायकाच्या समोर सारखे वाटे केले. कोनी म्हनू नाही का मले कमी भेटलं."

तांड्यात सणाला बकरा कापला की नायकासमोर, म्हणजे तांड्याच्या प्रमुखासमोर, असेच वाटे पडतात. मऊ मांस एका घरी आणि नुसती हाडं दुसऱ्या घरी असं तिथे कोणी खपवून घेत नाही. गोळ्यांना वेगळा नियम कशाला लावायचा, हे तांड्यात कोणाच्या मनातही आलं नसणार.

सुरभीने कपाळाला हात लावला. तांड्यावरचे सगळे पेशंट अभ्यासातून बाद. त्यांच्या जागी नवे शोधायचे, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची आणि परीक्षा लांबणीवर टाकायची. क्षणभर तिच्या मनात आलं, डब्या रिकाम्या आहेत, मोजणी बरोबर आहे, गप्प बसलं तर कोणाला कळणार आहे? त्या विचाराची तिची तिलाच किळस आली. तिने तिथल्या तिथे सरांना फोन लावला आणि काय झालं ते सांगून टाकलं. सरांनी किती पेशंट ते विचारलं. मग म्हणाले, "काढ सगळ्यांना."

फोन ठेवला आणि तिचा राग उफाळून आला.

"आता ही गोळी तुम्हाले भेटनार नाही. एकीलेही नाही," ती म्हणाली. "काकू, एवढं बसून समजावलं होतं मी! आपल्याले खोटी आली असन असं भेव वाटत होतं त मले इचारायचं. सगळ्यांच्या गोळ्या कायले कालवल्या?"

नंदाबाई तिच्याकडे बघतच राहिली. पोर शिकलेली आहे, चांगली आहे, मग हिला एवढंही कसं कळत नाही, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"भेव कायचं, माय?" ती म्हणाली. "पह्यल्या महिन्यातच माहं दुखनं थांबलं. हे जमनी बाजूच्या घरात रडे. खरी गोळी माह्या डब्बीत हाये, हे मले तवाच समजलं. म्हनून त परातीत सगळ्यात पह्यले माही डब्बी ओतली."