शेवटून दुसरा भाग

टीव्हीवर एक टोळकं हरवलेली सोन्याची खाण शोधत होतं आणि आप्पांचा जीव त्यात अडकला होता. सगळी नोकरी पाणीखात्यात खड्डे खणून घेण्यात गेलेली, त्यामुळे ते पडद्याकडे बोट नाचवत ओरडायचे, "अरे गाढवांनो, डावीकडे खणा!"

शेवटच्या भागात डोंगर पोखरून उंदीरसुद्धा निघाला नाही. मुलाने तो भाग आधी एकट्याने पाहिला आणि ठरवलं, हे आप्पांना दाखवायचं नाही. तसंही हल्ली त्यांना सकाळी जेवलेलं दुपारी आठवत नसे. मग एरवी ऑफिसातून येऊन थेट आपल्या खोलीत जाणारा तो, रोज शेवटून दुसरा भाग लावून त्यांच्या शेजारी बसू लागला. त्या भागात भिंतीत काहीतरी पिवळं चमकायचं. आप्पा मांडीवर थाप मारायचे, "उद्या सापडतंय बघ!" मुलगा म्हणायचा, "उद्या नक्की, आप्पा."

एकदा खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका येऊन बसले. मुलगा चहा टाकायला आत गेला, तर त्यांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला. "अहो, परवाही हाच भाग चालू होता की! पुढचा का नाही लावायला सांगत?"

"हळू बोला, पाठ झालाय मला तो," आप्पा कुजबुजले. "पण एकदा का खाण सापडली, की हा माझ्या शेजारी कशाला बसतोय?"