चुकलेला नेम

"वहिनी, मोबाइलवरचं शिकारीचं अ‍ॅप सांगतंय, हरणं उद्या पहाटेच निघणार," माझा दीर रायनो म्हणाला. "भावोजी, तुम्ही दुपारी जागा सोडून जेवायला उठलात की हरणं उठतात," मी म्हटलं. केबिनमधले शिकारी फिदीफिदी हसले. पहाट सरली, कुणालाच हरीण दिसलं नाही. दुपारी सगळे केबिनमध्ये परतून रश्शावर तुटून पडले. मी मिशिगनच्या बर्फात बसूनच राहिले. दलदलीतून शिंगाळा नर आला. मी गोळी झाडली, नेम चुकला. ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाचा मागचा तुकडा कापून भिंतीवर ठोकायचा, ही आमची रीत. माझ्या गेलेल्या नवऱ्याचेही तिथे सात होते. संध्याकाळी रायनो कात्री घेऊन घुटमळला. "जाऊ दे. बाईमाणसाला माफ." मी कात्री हिसकावली, शर्ट कापला, तुकडा नवऱ्याच्या तुकड्यांशेजारी ठोकला. "आमच्यातल्या एकाचाही नेम चुकला नाही!" रायनो खिदळला. "नेम चुकायला आधी हरीण दिसावं लागतं, भावोजी!"