राजेळीचा पहिला घड

वसईच्या अंगणात सोललेली राजेळी केळी उन्हात वाळत पडली होती आणि म्हातारा इनास कडुलिंबाची फांदी घेऊन माश्या हाकायला बसला होता. मर रोगानं राजेळीच्या सगळ्या बागा खाल्ल्या, त्यानंतर गावात पहिल्यांदाच सुकेळी होत होती.

त्याची लेक रोजाली प्रयोगशाळेत बाटल्यांत वाढवलेल्या केळीच्या इवल्या रोपांना त्या रोगाच्या बुरशीचंच विष पाजायची. बाटल्यांमागून बाटल्या पिवळ्या पडल्या. अखेर एक रोप विष पचवून हिरवं राहिलं. हा त्याचाच घड.

"तुझी आई वासानंच धावत आली असती," इनास म्हणाला.

दुपार कलली. शेजारच्या बोंबलांवर माश्या नुसत्या घोंगावत होत्या. केळ्यांकडे एकही फिरकली नाही. रोजालीनं एक केळं उचलून नाकाशी धरलं. त्याला वासच नव्हता.

"पपा, उठा आता. माश्या नाही यायच्या."

"येतील गं," फांदी हलवत इनास म्हणाला. "इतक्या वर्षांनी घातलीत. विसरल्या असतील बिचाऱ्या."