नीट हुका, वहिनी

"वहिनी, नीट हुका हं!" शिडी कुजबुजली.

वहिनीने मान हलवली. दोन्हीकडचे गुण सारखे, घड्याळात दोन सेकंद शिल्लक, पंचाने दिलेले दोन फ्री थ्रो, आणि समोर ती बास्केट. उभ्या आयुष्यात तिचा एकही चेंडू त्या बास्केटमधून खाली पडला नव्हता.

बिस्किट कारखान्याच्या पोरींनी तिला मुद्दामच धक्का दिला होता. चेंडू शिडीकडे गेला असता तर खेळ खलास. हिच्या हातात तो तिजोरीत ठेवल्यासारखा सुरक्षित.

"टाक गं टणटण, घरी जायचंय आम्हाला!" त्यांची मास्तरीण बाकावरून ओरडली.

वहिनीचं टणटण हे नाव चेंडूनेच ठेवलं होतं. कुठूनही टाकला तरी तो रिंगच्या उजव्या काठावर टण् वाजायचा आणि उजवीकडे पडायचा. चूक वीतभर. ना बोटभर कमी, ना बोटभर जास्त. यार्डातल्या मैदानावरच्या रिंगचा तो काठ म्हणे झिजून आरशासारखा लखलखीत झाला होता, आणि बायका कामावर जाता जाता टाचा उंचावून त्यात केस सारखे करायच्या.

यार्ड लोखंडाचं. टणटणचं काम खाली उभं राहून क्रेनला हाताने खुणा करायचं. वर घ्या, खाली सोडा, वीतभर डावीकडे, थांबा. वर क्रेनमध्ये मामा. मामा सगळ्या यार्डाचा मामा, आणि या संघाचा कोचही. त्याची क्रेन म्हातारी. हूक नेहमी वीतभर उजवीकडे उतरायचा. पण तीस वर्षांत त्याने तिला एकाही मेस्त्रीचा हात लागू दिला नव्हता.

"रोज नव्या जागी चुकते ती क्रेन माणसं मारते," तो म्हणायचा. "रोज त्याच जागी चुकते, तिच्या भरवशावर खुशाल झोपावं. ट्रक सरकवा. क्रेनला हात लावू नका."

टणटणलाही त्याने कुणाला हात लावू दिला नाही. पहिल्याच आठवड्यात ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "मामा, माझं नाव काढा. जमत नाही मला." मामाने तिला वीस वेळा चेंडू टाकायला लावला. वीसही वेळा तो जिथे पडला तिथे खडूने फुली मारली, आणि फुलीवर तिची नणंद आणून उभी केली.

नणंद म्हणजे शिडी. एवढी उंच की तिची शिंक खाली पोचेपर्यंत पडसं बरं झालेलं असायचं. घरात या नणंद-भावजयीचं चिमूटभर मिठावरूनही जमत नसे. मैदानावर मात्र एकीने हुकायचं, दुसरीने झेलायचं आणि तिथूनच आत सोडायचं. या एका चुकीवर यार्डाचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला होता.

आणि आज हरलं तर मैदानच जाणार होतं. साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं, चषक आणलात तर मैदान तुमचं, नाहीतर सोमवारपासून तिथे पाइप रचायचे. सामना जादा वेळेत नेण्याचीही सोय नव्हती. शिडीचा घोटा टम्म सुजला होता. तिच्यात एकच उडी उरली होती.

टणटणने पहिला चेंडू टाकला.

टण्. उजवीकडे. प्रेक्षक खो खो हसले. हा चेंडू झेलून उपयोग नव्हता, पहिल्या फ्री थ्रोवर खेळ थांबलेलाच असतो. झेलायचा तो दुसरा.

पण आता मास्तरीण उठून उभी राहिली. "अगं, सगळ्या उजवीकडे धावा! त्या लंबूच्या पुढ्यात! ही तिथेच हुकते, पाठ झालंय आता!"

बिस्किटवाल्या शिडीवर डोळा ठेवून वाकल्या. शिडीने वहिनीकडे पाहिलं. शिडीचा चेहरा उतरला होता.

ट्रकची, म्हणजे शिडीची, वाटच अडवली होती. मनगट जरा वळवून बघावं का? आजवर एकदाच वळवलं होतं, तेव्हा चेंडू थेट साहेबांच्या चहात पडला होता. तिने वळून मामाकडे पाहिलं.

मामा बास्केटकडे बघतच नव्हता. तो तिच्या पायांकडे बघत होता. मग त्याने तळहात वर केला आणि सावकाश बाजूला सरकवला. ही खूण तिने खालून त्याला हजारदा केली होती.

वीतभर डावीकडे. थांबा.

तिला क्षणभर काही कळेना. शिडी तर तसूभरही हलू शकत नव्हती. मग तिने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. ही खूण ट्रकला नव्हती. क्रेनला होती.

पंचाने चेंडू तिच्या हातात दिला. टणटणने रेषेमागे एक पाय उचलला, डावीकडे वीतभर ठेवला. दुसरा त्याच्या शेजारी आणला. शिडीचे डोळे विस्फारले. टणटणने चेंडू सोडला. तेच मनगट, तोच जोर, तीच चूक.

बिस्किटवाल्या सगळ्या उजवीकडे झेपावल्या. अख्ख्या सभागृहाने टण् ऐकायला कान टवकारले.

टण् झालंच नाही. जाळी तेवढी सळसळली.

उरलेले दोन सेकंद बिस्किटवाल्यांनी एकमेकींची तोंडं बघण्यात घालवले. शिट्टी झाली. शिडी लंगडी घालत आली आणि तिने वहिनीला उचलून थेट छताला लावलं.

मास्तरीण तणतणत मामासमोर उभी राहिली. "वर्षभर हुकत होती ही बाई! आजच बरा हिचा नेम लागला?"

मामा चष्मा पुसत म्हणाला, "नेम रोजच लागायचा, बाई. आज टोपली मध्ये कडमडली."