बैठकीची उंची

खळाळत्या पाण्यात होडी गुडघे टेकूनच वल्हवायची, हा बाईंच्या शाळेचा तीस वर्षांचा शिरस्ता. मुलगा चाळिशी ओलांडूनही तिथे त्यांच्या हाताखालीच होता. बाईंच्या गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा त्यानेच मिस्त्रीकडून त्यांच्या होडीत उंच बैठक बसवून आणली.

"आई, आता खुर्चीत बसल्यासारखी ऐटीत बस."

उंचीने होडी डुलणार, हे बाईंना दिसत होते. पण मुलाच्या मायेला नावे ठेवायला जीभ रेटली नाही.

आठवड्याभरात शिष्यांच्या डोळ्यांदेखत होडी तीनदा उलटली. चौथ्यांदा बाई पाण्यात उतरल्याच नाहीत. वल्हे आणि शाळेच्या किल्ल्या त्यांनी आपण होऊन मुलाच्या हाती ठेवल्या.

बैठक परत करायला त्या मिस्त्रीकडे गेल्या. "तुमच्या कामात खोट नाही हो. माझंच वय झालं, तोल राहत नाही."

मिस्त्रीने मान खाली घातली.


"बाई, चार इंच पुरे, आठ इंचांवर होडी उलटेल, असं मी बजावलं होतं. तुमचे चिरंजीव म्हणाले, 'मग आठच ठेवा.'"